‘दादा’ नेमकं कोण म्हणालं

आमच्या व्याह्यांइतका चीड आणणारा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत शोधून सापडणार नाही. मी तर समुद्र ओलांडून पार दार-ए-सलामपर्यंत जाऊन आलोय, तिथेही सापडला नाही. कारण तिथेही हेच माझ्या शेजारी बसलेले होते. मी आता ऐंशीला टेकलोय. रागावू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, आणि तरीही हा मजकूर मी रागानेच लिहितोय. थोडा राग व्याह्यांवर आहे. थोडा तुमच्यावर, म्हणजे गेली आठ वर्षं माझ्या तोंडून त्यांचा किस्सा ऐकून पोट धरधरून हसलेल्या सगळ्यांवर. उरलेला कोणावर आहे ते पुढे कळेल, आणि तोच सगळ्यात जास्त आहे.

व्याही बेळगावातल्या शहापूरचे विणकर. माणूस भेटला की नमस्काराच्या आधी त्याच्या कपड्याला हात घालायचा, ही त्यांची जुनी खोड. अंगठा आणि तर्जनी यांच्यात बाहीचं टोक धरून दोनदा चोळायचं आणि लगेच निकाल द्यायचा. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मी मुद्दाम कॅम्पातल्या दुकानातून भारी सुती सदरा घेतला होता. बैठकीत दोन्हीकडची पंचवीस-तीस माणसं. यांनी माझी बाही चोळली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पावणं, निम्मं पॉलिस्टर हाय की वो ह्यात. फशिवलं तुमाला." आमच्याकडे व्याही एकमेकांना पावणं म्हणतात, आणि पावण्याचा मान ठेवतात असंही मी तोवर समजत होतो. पुढे एका मठातल्या कार्यक्रमात दर्शनाची रांग लागली असताना यांनी थेट स्वामीजींच्या उपरण्याचं टोक धरलं. दोनदा चोळून म्हणाले, "हे मात्र चोख हाय." स्वामीजी खूश झाले आणि त्यांना वेगळा प्रसाद मिळाला. मला मिळाला नाही.

दुसरी खोड आवाजाची. उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांच्या कानांनी निम्मा राजीनामा केव्हाच दिलाय. त्यामुळे त्यांची कुजबुज शेजारच्या गल्लीत ऐकू जाते. पोरांच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते माझ्या कानाला लागून हळूच म्हणाले, "भटजीचं धोतर अस्सल हाय," आणि पुढची ओळ म्हणायची सोडून भटजींनी मान झुकवली. माग चालू असताना विणकर एकमेकांचे ओठ बघून बोलतात. त्या सवयीने हे आजही समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. त्यामुळे समोरच्याला वाटतं, दातात काही अडकलंय. मला तर ते अजिबात सहन होत नसे. चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेल्या माणसाच्या तोंडाकडे कोणी असं बघत बसलं की आपलंच शुद्धलेखन कोणी तपासतंय असं वाटतं.

तर आठ वर्षांपूर्वी आम्ही आफ्रिकेला गेलो. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझे जावई, नोकरीसाठी दार-ए-सलामला असतात. मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. माझी बायको त्याआधीच वारली होती, म्हणून विहीणबाई आईच्या जागी गेल्या, आणि त्यांच्यामागून आम्ही दोघे, बांधलेल्या बोचक्यांसारखे. बाळंतिणीच्या घरात दोन म्हाताऱ्या पुरुषांचा उपयोग काय? आम्ही स्वयंपाकघरात गेलो तर विहीणबाई ओरडायच्या आणि पाळण्याजवळ गेलो तर मुलगी. चौथ्या दिवशी जावयांनी हात जोडले, "बाबा, सर, संध्याकाळी दोघं जरा बाहेर फिरून येत जावा." तेव्हापासून रोज पाच वाजले की आम्हाला घराबाहेर काढण्यात येई.

आणि मग सुरू झाली आमची खादाडी. ते शहर समुद्रकाठचं. कधीकाळी आपल्याकडची माणसं गलबतांतून तिथं गेली आणि जाताना आपली कढईसुद्धा घेऊन गेली, हे तिथल्या रस्त्यावर पावलोपावली दिसतं. कोपऱ्यावरच्या बाईकडे कचोरी मागितली तर तिने हातावर सरळ आपला बटाटेवडा ठेवला. भजीला ते बाजिया म्हणतात आणि वर ओल्या खोबऱ्याची चटणी घालतात. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबरी म्हणतात. एका गाड्यावर वाडगाभर पिवळं आंबट कालवण, त्यात बटाटा, भजी, उकडलेलं अंडं, मांसाचे तुकडे आणि वर कुरकुरीत काप असं एक प्रकरण मिळालं. मी वाडगा हातात धरून व्याह्यांना समजावू लागलो की ही मूळची आपली मिसळ, समुद्रावरून जाताना तिची घडी मोडली. दुकानाला इथं दुका म्हणतात, गाडीला गारी म्हणतात, म्हणजे भाषेचा प्रवास बघा. मी भाषेच्या प्रवासात रंगलो असताना त्यांचा दुसरा वाडगा संपला होता. "पावणं," ते तोंड पुसत म्हणाले, "बोलू नका, आदी खावा. निवलंय की." पुढच्या वळणावर एक म्हातारी खोलगट खळग्यांच्या लोखंडी भांड्यात तांदूळ-नारळाचे गोळे भाजत होती. व्याही तिथं खिळलेच. "अय्यो, आप्पं!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की म्हातारीच्या हातातली सळई पडली. त्यांनी एक आप्पा उचलून, सवयीनं अंगठा-तर्जनीत धरून दोनदा दाबला आणि मान डोलावली. म्हातारीला काय समजलं देव जाणे, पण तिने त्यांना आणखी दोन फुकट दिले.

पण त्या शहराची खरी शान म्हणजे मिश्काकी. सूर्य कलला की रस्तोरस्ती कोळशाच्या शेगड्या पेटतात. आलं, लसूण, लिंबू आणि कच्च्या पपईच्या वाटणात मुरवलेले मांसाचे बारके तुकडे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजायचे. त्या वासानं माणूस रस्ता चुकतो. आम्ही दोघेही मटण खाणारे. अडचण एवढीच की काड्यांवर बऱ्याचदा मोठ्या जनावराचं मांस असतं, ते आम्हाला चालायचं नाही. ही अडचण व्याह्यांनी भर रस्त्यात सोडवली. दोन्ही मुठी डोक्याला लावून शिंगं केली आणि जोरात मान हलवली. मग काखा फडफडवून कोंबडी झाले, हनुवटीखाली बोटं लोंबकळवून बोकड झाले, आणि मान डोलावली. रस्ता थांबून बघत होता. मी चार पावलं मागे सरकून, हे गृहस्थ माझ्यासोबत नाहीत असा चेहरा केला. पण त्या दिवसापासून कुकू म्हणजे कोंबडी आणि म्बुझी म्हणजे बोकड हे त्यांना कायमचं पाठ झालं. मला नाही झालं. मला ते शिकावंसंच वाटलं नाही.

आता तो किस्सा. तुमच्यापैकी ज्यांनी तो संमेलनाच्या मंडपात ऐकलाय त्यांना तो माझ्याइतकाच पाठ असेल. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्वाहिली भाषेत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. तर आमचे व्याही एका दांडगट मिश्काकीवाल्यासमोर छाती काढून उभे राहतात आणि म्हणतात, ‘ओ दादा, दोन काड्या द्या!’ तो पैलवान चमकतो. हे आणखी मोठ्यानं, ‘दादा, ओ दादा!’ गिऱ्हाइकं हसतात, पैलवान चिमटा उगारून पुढे येतो, आणि ऐनवेळी मी, भाषेचा जाणकार, मध्ये पडतो, त्याला ‘काका’ म्हणून शांत करतो आणि व्याह्यांची अब्रू वाचवतो. पैलवान कंबरेवर हात ठेवून कसा बघतो हे मी करून दाखवायचो. तिथं हमखास टाळ्या पडायच्या.

या किस्स्यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त दादा म्हणणारा माणूस मी होतो.

व्याही एरवी परक्या माणसाला अण्णा म्हणतात. दादा हा माझा शब्द. शेगडीसमोर गर्दी होती, मला भूक लागली होती, आणि आदल्या दिवशीच्या त्या शिंगं-कोंबडी प्रकारानंतर परक्या माणसाशी अदबीनं कसं बोलावं हे मला व्याह्यांना दाखवून द्यायचं होतं. मी म्हणालो, "दादा, जरा दोन काड्या." लोक हसले. मला वाटलं माझ्या टोपीला हसले. माझा पारा चढला. वर्गातली पोरं हसली की मी आवाज चढवायचो, तसा चढवला आणि त्या माणसाच्या खांद्यावर दोनदा टकटक केली, "दादा! ऐकताय का, दादा!" चार गिऱ्हाइकांसमोर त्याला कोणीतरी ‘ताई, ए ताई’ म्हणून खांद्याला हात लावत होतं. त्याने वारा घालायचा पुठ्ठा खाली ठेवला. चेहरा बदलला. माझे पाय लटपटले, हे मी कधीच सांगितलं नाही.

तेव्हा व्याही पुढे झाले. चार दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्यांच्या ओठांकडे बघत होते. कोण कोणाला काय म्हणतं ते त्यांनी टिपून ठेवलं होतं. छातीवर हात ठेवून, मान लववून ते म्हणाले, "काका, सामाहानी," म्हणजे भाऊ, माफ करा. मग माझ्याकडे बोट दाखवून, "बाबू." म्हणजे आजोबा. मग दूर समुद्राकडे हात करून, "इंडिया, दादा," आणि स्वतःच्या मिशीला पीळ देऊन दाखवला. म्हणजे आमच्याकडे दादा मिशीवाला असतो. तो माणूस इतका हसला की त्याला टेकावं लागलं. आम्हाला त्याने बाकावर बसवलं. पुढे दीड महिना व्याही रोज संध्याकाळी त्या शेगडीजवळ बसून पुठ्ठ्यानं वारा घालत, वाटणात काय किती पडतं ते बघत. निपाणीच्या तंबाखूची चिमूट त्यांनी त्याला दिली; तो ठसकला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा मागितली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ते तासन् तास बोलत.

मी बाकाच्या टोकाला बसून काड्या खात असे. मला काड्या आवडत होत्या आणि बाकी काहीच आवडत नव्हतं.

परत आल्यावर आमच्या घरी गावातले पाचसहाजण भेटायला आले. व्याहीही होते. आफ्रिकेचं सांगा म्हणाले, म्हणून मी सुरुवात केली. दादाची गंमत सांगितली, सगळे हसले, आणि कोणीतरी विचारलं, "सर, पण असं म्हटलं कोण वो?" जीभ घसरली असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. ती घसरली नव्हती. चौतीस वर्षं मी पोरांना शब्द जपून वापरा म्हणून छड्या मारल्या होत्या. त्यांच्यातलेच दोघे समोर बसले होते. मी चहाच्या कपाकडे बघत म्हणालो, "आमचे व्याही." आणि मग पुढचं आपोआप आलं. मूर्खपणा त्यांना दिला तो दिलाच, त्यांचं शहाणपणही मी उचललं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना ऐकू आलं नसेल अशी शक्यताच नव्हती. एकदा त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, आणि मग सगळ्यांच्या आधी हसले. तेवढ्याच मोठ्यानं.

मला त्यांचा राग आला, आजही येतो, तो याचा. एक शब्द बोलायचा होता! ‘पावणं, तुमीच की वो ते,’ एवढंच. मी लाजलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण हे हसले, आणि मला वाट मोकळी करून दिली.

त्या वाटेनं मी फार लांब गेलो. आमच्या भागात थंडीत गावोगाव साहित्य संमेलनं भरतात; तिथल्या कथाकथनात मी तो किस्सा सांगू लागलो. लोकांनी पुन्हा पुन्हा मागितला. कोणा हुशार माणसानं दादा आणि आक्का जोडून ‘दादाक्का’ असं नाव काढलं, आणि शहापुरात माझ्या व्याह्यांना ते चिकटलं. वाण्याच्या दुकानात दादाक्का, देवळात दादाक्का. ते वळून बघायचे आणि हसायचे.

आणि मग त्यांनी गाडा टाकला. त्यांचे माग तोवर बंद पडले होते. घरी बसून हातांना चैन पडत नव्हतं. म्हणाले, "पावणं, मिश्काकीचा गाडा टाकतो. तितं लई शिकलोय. आपल्या लोकांनी खायला पायजे हे." आठ वर्षांत त्यांचा चेहरा मी तेव्हा एकदाच असा उजळलेला पाहिला. वडगावच्या रस्त्याला त्यांनी शेगडी मांडली. तुकडे इतके सारखे कापायचे की एकावर एक ठेवले तर भिंत उभी राहावी. मी खाल्लं. समुद्रकाठच्यापेक्षा चांगलं होतं. आपल्याकडचं तिखट होतं ना. लोकही आले. पण खायला थोडे आले. पोरांचे घोळके यायचे, कंबरेवर हात ठेवून पैलवानासारखे उभे राहायचे, म्हणजे मी करून दाखवायचो तसे, आणि म्हणायचे, "ओ दादाक्का, दोन काड्या!" आणि हसत निघून जायचे. रस्त्याच्या गोंगाटात हाक ऐकू आली नाही असं व्याह्यांना दाखवता येत नव्हतं. त्यांना ओठ दिसत होते. दोन महिन्यांत गाडा बंद झाला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कोळशाचा धूर सोसंना झालाय वो."

विहीणबाईंनी मला एकदाच विचारलं होतं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवताना, अगदी साध्या आवाजात, "सर, तितं तुमी पण होतासा न्हवं?" मी पाणी प्यालो आणि उठलो.

यंदाच्या संमेलनात मी ठरवून उभा राहिलो. मंडप भरला होता आणि व्याही दुसऱ्या ओळीत होते. मीच त्यांना रिक्षातून घेऊन गेलो होतो. नेहमीप्रमाणे खालून फर्माईश आली, "सर, दादाक्का!" मी माईक धरला आणि म्हणालो, "आज खरं सांगतो. दादा म्हणणारा माणूस मी होतो. माझ्या व्याह्यांनी मला वाचवलं होतं. आठ वर्षं मी खोटं सांगत आलोय." कोणी हसलं नाही. एकजण शेजाऱ्याला म्हणाला, सरांचं वय झालं आता. मी पुढे बोलायला तोंड उघडलं, आणि दुसऱ्या ओळीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"खोटं बोलालेत पावणं!" व्याही उभे होते, यंत्रमागाच्या वरताण आवाजात. "मीच म्हटलोतो दादा! त्येंचं काय ऐकू नका! मोठ्या मनाचा माणूस हाय, दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेतोय!"

आणि मंडप कोसळला. इतका हशा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. शेवटी टाळ्या पडल्या, त्या माझ्या मोठ्या मनाला. अध्यक्षांनी मला शाल घातली. मला ती शाल फाडून टाकावीशी वाटत होती.

परतताना रिक्षात मी त्यांच्यावर ओरडलोच. "का उठलासा? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुमचं पाय लटपटालते वो. माईकच्या दांडीला धरून हुबा होतासा."

"पडलो असतो तर पडलो असतो! तुम्हाला काय करायचंय? तुमचा गाडा गेला माझ्यापायी. कळतंय का तुम्हाला?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला सवय झालीया. तुमाला ह्या वयात कशाला नवीन?" आणि जणू काही झालंच नाही असं माझ्या अंगावरच्या शालीचं टोक चोळून म्हणाले, "हलकी हाय."

म्हणून हे या अंकात छापायला दिलंय. मंडपात त्यांना उठून उभं राहता येतं, छापलेल्या पानात येत नाही. दादा मी म्हणालो. माफी त्यांनी मागितली. किस्सा मी फिरवला आणि गाडा त्यांचा बंद पडला. यातली एकही ओळ त्यांना आता ओरडून खोडता येणार नाही. ज्या पोरांनी तिथं कंबरेवर हात ठेवले, ती आता बाप्ये झाली असतील. त्यांनी एकदा शहापुरात जाऊन त्या म्हाताऱ्यासमोर साधं हसावं, नेहमीच्या माणसाकडे बघून हसतात तसं.

अंक हातात पडला की ते चष्मा लावून, एकेका ओळीखाली बोट धरून वाचतील. त्यांना वेळ लागतो. वाचून झालं की माझ्या घरी येतील, आणि मला वाटतं, या खेपेला तरी रागावतील. इतक्या वर्षांत ते माझ्यावर एकदाही रागावलेले नाहीत. कसे रागावतात, तेव्हा आवाज आणखी चढतो की उलटा खाली येतो, मला ठाऊक नाही. दुपारी मी झोपत नाही हल्ली. दार नुसतं लोटलेलं असतं.